चौरसाच्या आत

४ जून

चि. सौ. टिल्लीस,
अ. उ. आ. वि. वि.

जावईबापूंकडून कळलं, की डॉक्टरीणबाईंनी तुला अंथरुणातून उठायची बंदी केली आहे आणि मूल होईपर्यंत ती उठणार नाही. लहानपणी तुला एका जागी बसवायचं म्हणजे तुझ्या आईला घाम फुटायचा, आणि तुझ्यावरच ही वेळ यावी! पण ऐक त्यांचं. मागच्या खेपेला जे झालं ते मनात आणू नकोस, असं मी म्हणणार नाही, कारण ते मनात येणारच. आलं तर येऊ दे, फक्त त्याला बसायला पाट देऊ नकोस.

दादाला आम्ही इस्पितळातून घरी आणलं. तुझ्या बाबाची उजवी बाजू गेली ती गेलीच, आणि वाचाही गेली. एकच शब्द उरला आहे, ‘तर’. पाणी हवं असलं तरी ‘तर’, रागावला तरी ‘तर’. चाळीस वर्षं फळ्यासमोर ‘समजा, तर’ करत काढली, त्यातलं ‘समजा’ गेलं आणि ‘तर’ मागे राहिलं. डोळे मिटले की होकार समजायचा.

काल एक गंमत झाली. मी पेपर वाचत होतो, तर त्याने डाव्या हाताने माझी पेन्सिल ओढून घेतली आणि पेपरच्या कडेला एक चौकोन काढला. चारी बाजूंच्या मध्यावर खुणा केल्या, त्या खुणा जोडल्या, बाजूला वाकडातिकडा दहाचा आकडा घातला आणि कागदावर बोट आपटायला लागला. मला वाटलं, खिडकी उघड म्हणतोय. उघडली. मग वाटलं, ट्रे हवाय. दिला, तो त्याने भिरकावला. शेजारच्या नर्सबाई आल्या होत्या, त्या म्हणाल्या की हा प्रश्न घातलाय बहुतेक. आता मला काय कळतंय? आयुष्यभर छापखान्यात गणिताची पुस्तकं छापली, पण मला आकडे नुसते काळे दिसायचे. माझे कान तर त्या यंत्रांनीच नेले, म्हणून फोनवर तुला काही सांगणंही नको. पेपरचा तो तुकडा फाडून सोबत पाठवतो आहे. तुझ्याकडे वेळ आहे, त्याच्याकडेही आहे. बघ काय करायचं ते.

जपून राहा. उलट टपाली दोन ओळी पाठव, नाहीतर मीच तिकडे येऊन धडकेन.

तुझा,
काका

---

९ जून

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं आणि या खोलीत पहिल्यांदाच माझ्यासाठी काहीतरी घडलं. दिवसभर मी छत बघते. छताला एक भेग आहे, ती पंख्यापाशी जाऊन थांबते. हे सकाळी कामाला जाताना पाणी, फळं आणि पुस्तकं हाताशी ठेवून जातात. कारखान्यातल्या मैत्रिणी येतात, गोल खोक्यांची नवी ऑर्डर आली आहे असं सांगतात आणि माझा जीव तळमळतो. चौकोनी पुठ्ठ्यातून गोल झाकण कापलं की शंभरातला साडेएकवीस भाग कोपऱ्यांतच रद्दीत जातो. तो कमी कसा करायचा यावर माझं काम चाललं होतं. आता कोण बघणार?

बाबांना सांगा, उत्तर पन्नास. चौरसाच्या बाजूंचे मध्य जोडले की आत जो चौरस होतो तो बरोबर निम्मा. पण नुसतं उत्तर दिलेलं त्यांना चालायचं नाही, म्हणून सोबत कागदाचा एक चौरस कापून पाठवते. त्याचे चारी कोपरे आत दुमडा. पाकिटासारखे मधोमध येऊन मिळतात आणि आतला चौरस अगदी झाकून टाकतात. म्हणजे जेवढा आत, तेवढाच बाहेर. हे त्यांच्यासमोर करून दाखवा, वाचून नका दाखवू.

काका, बाबांचं आणि माझं बोलणं तरी काय व्हायचं! मी गणित सोडून खोक्यांच्या कारखान्यात गेले तेव्हापासून ते फोनवर फक्त हवा कशी आहे ते विचारायचे. मी सांगायचे बरी आहे, ते म्हणायचे इकडेही बरीच आहे. आता वाचा गेल्यावर त्यांनी मला प्रश्न घातला. मी तो तुकडा उशीखाली ठेवला आहे.

तुम्ही जेवता ना वेळेवर? दोघांची काळजी मला एकदम करायला लावू नका. लोभ आहेच, त्यात या दिवसांत थोडी भर घाला.

तुमची,
टिल्ली

---

१६ जून

चि. सौ. टिल्लीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझा कागद दुमडून दाखवला. दादाने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मी घाबरून नर्सबाईंना हाक मारणार, तोच उघडले. भरलेले होते. मग माझ्या हातातून कागद घेऊन त्याने स्वतः एका हाताने तो दुमडायचा प्रयत्न केला. तीन कोपरे जमले. चौथा मी धरला.

तेव्हापासून हा माणूस बदलला आहे. सकाळी दाढी करून घेताना मान हलवत नाही, गोळी थुंकत नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की खिडकीकडे बघून ‘तर, तर’ करतो. पोस्टमन मला विचारत होता की गुरुजींचं काही महत्त्वाचं अडलंय का. मी म्हटलं, अडलंय खरं.

सोबत दोन आकृत्या पाठवतो आहे. एकीत चौरसाच्या आत वर्तुळ आहे, चारी बाजूंना चिकटलेलं. ते काढायला त्याला सबंध सकाळ लागली. कुठे जराशी फट राहिली की खोडायला लावायचा. मी म्हटलं, राहू दे रे, टिल्लीला समजेल. तर माझ्याकडे असं बघितलंन, की मी पुन्हा पाचवीत गेलो. टेकलं पाहिजे म्हणजे टेकलंच पाहिजे. दुसरीत दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन कमानी काढल्या आहेत आणि मध्ये झाडाच्या पानासारखं काहीतरी झालं आहे. त्या पानावर बोट ठेवून तो हटून बसला आहे.

मी जेवतो. दादाला भरवताना त्याच्या दुप्पट माझ्या तोंडात जातं.

तब्येत सांभाळून राहा. आता डाव तुझा.

तुझा,
काका

---

२३ जून

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

पानाने मला दोन दिवस खेळवलं. पहिल्या आकृतीचं सोपं होतं. वर्तुळ साडेअठ्ठ्याहत्तर, ते तर माझं रोजचं पोट भरणारं गणित. पण पान काही केल्या हाताला लागेना. त्याला तुकडे पाडून बघितलं, त्रिकोण वजा करून बघितले. संध्याकाळी हे माझ्या पायांखालची उशी सारखी करत होते, तेव्हा एकदम दिसलं.

बाबांना असं सांगा. प्रत्येक कमान म्हणजे पाव वर्तुळ. असे दोन पाव चौरसात एकावर एक ठेवले की सगळा चौरस झाकला जातो, फक्त पानावर दोघंही येतात. म्हणून दोन्ही पावांची बेरीज करायची आणि त्यातून सबंध चौरस काढून टाकायचा. एकशे सत्तावन्न वजा शंभर. पान सत्तावन्न. जे दोघांच्या वाट्याला आलं आणि दोनदा मोजलं गेलं, तेच पान. बाबांची हीच रीत होती ना काका? लहानपणी मी तुकडे करायला लागले की ते म्हणायचे, कापाकापी करण्याआधी बघ, काही दोनदा मोजलं गेलंय का.

परवा तपासणी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके चांगले आहेत, पण गाफील राहू नका. धक्का, घाई, रडारड, काही नको. मी त्यांना म्हटलं, मी गणितं करते आहे. त्यांना वाटलं मी चेष्टा करते.

बाबांना माझा नमस्कार. आणि त्यांना म्हणावं, जरा अवघड घाला. तुम्हीही आमच्यावर अशीच माया ठेवून असा.

तुमची,
टिल्ली

---

५ जुलै

चि. सौ. टिल्लीस,
अ. उ. आ. वि. वि.

उत्तर द्यायला उशीर झाला. दादाला ताप होता. आता उतार आहे, पण पेन्सिल धरताना बोटं सुटतात. डॉक्टर येऊन गेले. वय झालं म्हणतात. वय झालं हे कळायला डॉक्टर कशाला हवा?

पानाचं उत्तर त्याला वाचून दाखवलं. तुला माहीत आहे, मला स्वतःला ऐकू यावं म्हणून मी ओरडून वाचतो. त्यामुळे तुझं पान सबंध गल्लीने ऐकलं. दादा एका बाजूने हसला. त्याला आता एकाच बाजूने हसता येतं.

मग या आठवड्यात त्याने एक त्रिकोण काढला. खालची बाजू चौरसाचीच आणि टोक वरच्या बाजूला टेकलेलं. काढून झाल्यावर त्याने टोक पुसायला लावलं आणि दुसरीकडे काढलं, मग पुन्हा पुसायला लावलं आणि आणखी तिसरीकडे. शेवटी दमला आणि कागद तसाच माझ्या अंगावर टाकला. रेघा फार थरथरल्या आहेत, सांभाळून घे.

काळजी करण्यासारखं काही नाही. काळजी करायला मी आहे.

तुझा,
काका

---

११ जुलै

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

बाबांना सांगा, टोक वरच्या बाजूवर कुठेही सरकवा, डावीकडे, उजवीकडे, अगदी कोपऱ्यात नेलं तरी त्रिकोण निम्माच. त्याचा पाया हलत नाही आणि उंची हलत नाही, मग नुसतं टोक हलून काय होणार? त्यांना माझ्याकडून हेच ऐकायचं होतं ना? मी कुठेही गेले तरी, असं? का मी उगाच अर्थ काढते आहे? गणितात अर्थ काढायचा नसतो, असं तेच सांगायचे.

काका, रेघा बघितल्या. तुम्ही मला सगळं सांगता ना?

बाळ आता लाथा मारतं. तिकडच्या बातमीची वाट बघत असलेली,

टिल्ली

---

२४ जुलै

चि. जावईबापूंस,
अ. उ. आ.

हे पत्र तुमच्या वर्कशॉपच्या पत्त्यावर पाठवतो आहे, घरी नेऊ नका. तुम्ही तातडीने आलात, दादाला शेवटचा खांदा दिलात, माझ्याजवळ राहिलात, हे मी विसरणार नाही. घरचं माणूस कोण, असं कुणी विचारलं असतं तर मी पहिल्यांदा तुमच्याकडे बोट दाखवलं असतं.

तुम्ही निघताना जे ठरलं तेच मला पटतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिला आत्ता कळता कामा नये, तर कळणार नाही. तुम्ही कामासाठी बाहेरगावी गेला होतात, एवढंच तिला ठाऊक आहे. पण तिचं पत्र आलं की उत्तर हे जायलाच पाहिजे, आणि उत्तरात आकृती नसली तर ती ओळखेल. म्हणून आकृत्या मीच काढणार आहे. पट्टी घेतली आहे. वर्तुळासाठी दादाच्या औषधाच्या बाटलीचं झाकण आहे. रेघा थरथरत्या काढायला मला मुद्दाम काही करावं लागत नाही.

मूल सुखरूप हातात आलं, की मग सांगू. तोवर मला खोटं बोलायचं बळ मिळो.

आपला,
काका

---

२६ जुलै

चि. सौ. टिल्लीस,
अ. उ. आ. वि. वि.

त्रिकोणाचं उत्तर दादाला वाचून दाखवलं. त्याने डोळे मिटले. अर्थ काढायचा असेल तर खुशाल काढ, त्याची हरकत दिसली नाही.

आता तो बराच वेळ झोपून असतो. पण काल जागा होता आणि सोबतची आकृती काढली. चौरस आहे, आत वर्तुळ आहे. बाजू बारा. मूळ कागद तो हातातून सोडत नाही, म्हणून मी त्यावरून नक्कल केली आहे. इथून पुढे नक्कलच पाठवेन. चुकलं असेल तर माझं, त्याचं नव्हे.

इकडे सगळं ठीक. अंथरूण सोडू नकोस.

तुझा,
काका

---

१ ऑगस्ट

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

आकृती पोचली. वर्तुळ बाजूंना टेकलेलं नाही, खालून थोडी फट राहिली आहे. तसं ठेवलं तर उत्तर काढता येत नाही, कारण वर्तुळ केवढं ते कुणीच सांगितलेलं नाही. टेकलं, की मग आणखी काही सांगावं लागत नाही. चौरसाची बाजू हीच वर्तुळाची रुंदी. तिचं निम्मं करायचं, सहा. सहाला सहाने गुणायचं, छत्तीस. त्याला तीन पूर्णांक चौदा शतांशाने गुणायचं. एकशे तेराच्या किंचित वर. मी सगळ्या पायऱ्या सावकाश लिहिल्या आहेत. वाचताना घाई करू नका. जमलं तर एकदा स्वतः करून बघा, काका. दुपारी करायला बरं असतं.

हे हल्ली लवकर घरी येतात. माझे केस विंचरून देतात, वेणी मात्र गाठीसारखी घालतात.

तुम्ही एकटे भरवता, धुता, सगळं करता. संध्याकाळी नर्सबाईंकडे जाऊन बसत जा जरा. पुढची आकृती नक्की पाठवा. नाही पाठवलीत तर मी रागावेन.

तुमची,
टिल्ली

---

१२ ऑगस्ट

चि. सौ. टिल्लीस,
अ. उ. आ. वि. वि.

या वेळी चौरसात चार वर्तुळं आहेत. बाजू बाराच. चारी वर्तुळं बाजूंना टेकली आहेत आणि एकमेकांनाही टेकली आहेत, मी तीनदा तपासलं. म्हणजे दादाने तपासून घेतलं. दुपारी बसलो होतो दोघं.

तू म्हणालीस तसं मागचं गणित मी करून बघितलं. पहिल्यांदा एकशे तीस आलं, मग नव्वद. तिसऱ्यांदा तुझंच उत्तर आलं तेव्हा मी उठून चहा केला.

तुझा,
काका

---

१८ ऑगस्ट

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

हे तुम्ही मुद्दाम केलंत की हातून झालं? चार लहान वर्तुळांचं मिळून क्षेत्रफळ तेवढंच येतं, जेवढं त्या एका मोठ्या वर्तुळाचं होतं! प्रत्येकाची त्रिज्या तीन, तीन त्रिक नऊ, आणि नऊ चोक छत्तीस. पुन्हा छत्तीसच. एक मोठं काढा नाहीतर चार लहान काढा, चौरसात रिकामं राहायचं ते तेवढंच राहतं. रोज पुठ्ठे कापत आले, पण असं थांबून कधी बघितलं नव्हतं. बाबांनी शाबासकी दिली असती. म्हणजे, देतील.

आता पत्र लिहिताना दम लागतो. पुढचं पत्र बहुधा बातमीचंच असेल. आकृती काढून ठेवा.

टिल्ली

---

९ सप्टेंबर

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

मुलगी झाली. लवकर आली, लहानशी आहे, काचेच्या पेटीत ठेवली होती. आता माझ्याजवळ आहे. रडते मोठ्याने. तुम्हालाही ऐकू येईल इतक्या मोठ्याने.

घरी आल्यावर हे माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. मग मीच म्हटलं, बाबा गेले ना. काका, मला माहीत होतं. ‘बाहेरगावच्या कामावरून’ परत आल्यापासून यांनी मला बाबांबद्दल एकदाही विचारलं नाही. त्याआधी रोज विचारायचे, आज काही प्रश्न आला का म्हणून. मग तुमचं ते वर्तुळ आलं, फट राहिलेलं. बाबांनी जिवात जीव असेपर्यंत तसं वर्तुळ घराबाहेर जाऊ दिलं नसतं. त्या दिवशी मी रडले, उशीत तोंड घालून, पोट न हलवता. तेही जमतं.

मी बोलले नाही, कारण मला कळलंय हे तुम्हा दोघांना कळलं असतं तर तुमचे हातपाय गळाले असते. आणि दुसरं असं, की त्या घरात तुम्ही आता एकटे आहात आणि दुपारी पट्टी घेऊन बसता, एवढं माझ्या डोळ्यांसमोर यायचं. ते थांबू नये असं वाटलं. शेवटची दोन उत्तरं मी बाबांना लिहिली नाहीत. तुम्हालाच लिहिली.

आता मला सगळं सांगा. काही वगळू नका.

तुमची,
टिल्ली

---

१५ सप्टेंबर

चि. सौ. टिल्लीस व चि. बाळीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मी दोनदा वाचलं. नर्सबाईंनी विचारलं काय झालं, तर मला सांगता येईना की कोण कुणाला फसवत होतं.

सांगतो. तुझं त्रिकोणाचं पत्र त्याला मिळालं. मी वाचलं, ओरडून. ‘मी कुठेही गेले तरी’ या ओळीवर आलो तेव्हा त्याने डोळे मिटले. हे मी तुला लिहिलं होतं आणि ते खरं होतं, त्या पत्रात तेवढंच खरं होतं. त्यानंतर त्याने पेन्सिल धरली नाही. समोर ठेवली तर बघायचा आणि मान वळवायचा. दोन दिवस घोटभर पाणी तेवढं घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचा डोळा लागला म्हणून मी त्याचे कपडे धुवायला मागे गेलो. पिळून वाळत घातले, परत आलो, तर तो गेलेला होता. तोंड दाराकडे होतं.

टिल्ली, त्याने हाक मारली असेल तर मला ऐकू आली नाही. हे मी जावईबापूंनाही सांगितलेलं नाही. नर्सबाई म्हणतात, झोपेतच गेले असतील. डॉक्टरही तेच म्हणाले. असेल. पण तोंड दाराकडे होतं, आणि ते ‘तर’ मोठ्याने म्हणता यायचं त्याला. तू यावर काही लिहू नकोस. समजूत घालू नकोस. कुणाला तरी सांगायचं होतं, सांगितलं.

बाळ प्रवासाजोगी झाली की घेऊन ये. खोली झाडून ठेवली आहे. दादाचा पलंग मी हलवलेला नाही, तू आल्यावर काय करायचं ते आपण दोघं ठरवू.

एक मागणं आहे. मी आता आकृती पाठवणार नाही, तू पाठव. सोपी काढ. मला येईल असं नाही, पण दुपार झाली की हात रिकामे राहतात. आणि माझं उत्तर चुकलं तर चुकलं म्हणून लिही. या घरात बरेच दिवसांत माझी चूक कुणी काढलेली नाही.

तुझा,
काका